पेटीत नसलेल्या सुऱ्या

"मुलाण्याच्या घरात सुरी घावंना, म्हंजी नवलच म्हणायचं."

पलीकडच्या सरीतून आवाज आला. धुकं अजून जमीन धरून होतं आणि शेवंती तोडणाऱ्या बायका कमरेच्या वरच तेवढ्या दिसत होत्या, पांढऱ्या पाण्यात उतरल्यासारख्या. दुसरी कुणीतरी म्हणाली की घावंल कशी, ती कवाच पोचली असंल त्यांच्या पोरांकडं. देठ मोडल्याचे बारीक आवाज तेवढे चारी बाजूंनी येत राहिले.

माझा हात थांबला होता. चुलतीच्या ते लगेच लक्षात आलं. "कंपनीत बी आशीच उभ्याउभ्या पगार घेती व्हय गं?" ती म्हणाली. बायका हसल्या, मीही हसले. कुणी काही म्हटलं की मी हसते. मग पुढं बोलावं लागत नाही.

सुऱ्या कुठं होत्या ते मला माहीत होतं. त्या आमच्या घरात होत्या, मागच्या खोलीत, लोकरीच्या पोत्यात. आणि ज्यांच्या त्या होत्या ते मुलाणीमामा आदल्या सकाळपासून पोलीस चौकीत बसून होते, कारण सुऱ्या कुठं गेल्या हे त्यांना सांगता येत नव्हतं.

मी कारेगावला एका कंपनीच्या ऑफिसात काम करते आणि तिथंच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. सुट्टीला घरी जाताना न्हावऱ्यावरून वडापची जीप मिळते. मामांना नेलं त्याच्या आदल्या दुपारी जीपमध्ये नेहमीसारखी गाणी नव्हती. ड्रायव्हर फोनवर कुणाशी तरी हळू बोलत होता, आणि त्याचं बोलणं ऐकून मागच्या सीटवरच्या बायका पदर सावरून बसल्या होत्या. भीमेच्या पुलावर आलो तेव्हा खालचं पाणी हललंही नव्हतं. एक बगळा पाण्यात उभा होता आणि त्याच्याखाली दुसरा, उलटा. मला आठवतं, मी विचार केला होता की यातला खरा कोणता हे पुलावरून सांगता येणार नाही.

चौफुल्याला नाकाबंदी होती. आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं. एका महिला कॉन्स्टेबलनं माझी सॅक उघडली, कपडे बाजूला केले, डबा उघडून पाहिला आणि झाकण परत नीट दाबून बसवलं, जणू तिच्या घरचाच डबा होता. "कुठं निघाला?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "सरळ घरी जा," ती म्हणाली, "बाजारात उतरू नका."

तेव्हा कळलं की हायवेवरच्या एका गावात दंगल झाली आहे. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या आठवड्यात ते फार जणांनी फार वेळा घेतलं. कुणाच्या तरी मोबाइलवर काहीतरी आलं होतं. ते स्वतःच्या मोबाइलवर आलेला माणूस मला शेवटपर्यंत भेटला नाही, प्रत्येकानं दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहिलं होतं. मग बाजारपेठेत दगड पडले, काही टपऱ्या जळाल्या. त्या मुसलमानांच्या होत्या, आणि जखमी झालेल्यांत दोन्हीकडचे होते. मी घरी पोचेपर्यंत नेट बंद झालं होतं. फोन लागत होते, पण मोबाइलचा पडदा एखाद्या रिकाम्या वाटीसारखा झाला होता. सवयीनं मी सारखी त्यात पाहायची.

आमची वस्ती वरवंडच्या अलीकडं, हायवेपासून आत, कालव्याच्या कडेला आहे. आमच्याकडं दगड पडला नाही. पण हायवेवरचा आवाज थांबला. लहानपणापासून तो आवाज कानात असतो, रात्रंदिवस, ट्रकांचा. तो नाहीसा झाल्यावर सगळं लांब गेल्यासारखं वाटलं. शेजारच्या वस्तीवर कुणी हाक मारली तर ती पाण्याखालून यायची. संध्याकाळी मागच्या प्लॉटमधले बल्ब लागले. कोवळ्या शेवंतीला दिवस अजून संपला नाही असं वाटावं लागतं, म्हणजे ती घाईनं फुलत नाही, आणि म्हणून तिच्यावर तारा ओढून बल्ब लावतात. पिवळ्या उजेडाचं ते शेत अंधारात तरंगल्यासारखं दिसतं. मी बांधावर उभी राहून ते पाहत होते आणि त्याच वेळी कालव्याच्या रस्त्यानं आबा येताना दिसले. खांद्यावर घोंगडी होती, आणि घोंगडीच्या आत एक हात असा धरलेला, जसं कोकरू धरतात.

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं फिरण्यात गेलं. आता आमच्याकडं पाणी आहे, शेवंती आहे, पण आबांनी हट्टानं थोडी मेंढरं ठेवली आहेत. ते सरळ मागच्या खोलीत गेले. मी दारात उभी राहिले. त्यांनी घोंगडीतून एक गाठोडं काढलं, सोडलं, आणि तीन सुऱ्या एकेक करून लोकरीच्या पोत्यात खाली सरकवल्या. मग त्यांनी मला पाहिलं. मला पाहून कुणी दचकत नाही. मी सांगणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

"मुलाण्याच्या हायेत," ते म्हणाले. "आता झडत्या व्हतील. आपल्या घरात कोण बघतंय?"

आमच्याकडं मटण खायचं तर मुलाणी लागतो. हे मला खोलीतल्या मैत्रिणींना कधीच नीट सांगता आलं नाही, इंग्रजीत तर नाहीच. देव आमचा, नवस आमचा, मेंढा आमचा. पण कंदुरी करायची, म्हणजे नवसाचा मेंढा कापून भावकीला जेवायला बोलवायचं, तर मुलाणीमामांना आधी सांगावा जातो. ते येतात, हातपाय धुतात, मेंढ्याला पाणी पाजतात, ओठांतल्या ओठांत त्यांचे शब्द म्हणतात आणि मग सुरी फिरवतात. ते शब्द म्हटले जाईपर्यंत अंगणात कुणी बोलत नाही. आबा तर मुलाण्यानं न कापलेलं मटण तोंडात घालत नाहीत. एकदा पप्पांनी पुण्याहून मटण आणलं तर आबांनी ताटावर बसून विचारलं की कापलं कुणी, आणि भाकरी चटणीबरोबर खाऊन उठले. अलीकडं काही तरुण पोरं म्हणायला लागली होती की आपला देव आणि त्यांची सुरी कशाला. आबा त्यांना म्हणायचे, तुमच्या आज्ज्याला विचारा, तुमच्या जावळाचा बोकड कुणी कापला.

मामांशी माझी ओळख मात्र कंदुरीतली नाही, फाट्यावरची. इंग्लिश मीडियमची स्कूलबस मला फाट्यावर सोडायची आणि मम्मीला शेतातून यायला उशीर व्हायचा. फाट्यावर मामांचं मटणाचं दुकान होतं, बाहेर बाकडं. त्या बाकड्यावर मी बसायची. टाय लावलेली, बूट घातलेली मुलगी पाहून येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, बोल की गं काहीतरी इंग्लिशमध्ये. मला ते फार भयंकर वाटायचं. शाळेत माझं इंग्रजी गावाकडचं होतं आणि वस्तीवर माझं मराठी पुस्तकातलं, म्हणून हळूहळू मी दोन्हीकडं गप्प राहायला शिकले. मामांनी मात्र मला कधीच काही बोलायला सांगितलं नाही. ते गिऱ्हाईक करायचे, मी समोरच्या चिंचेवरचे पोपट मोजायची, आणि मम्मी आली की ते म्हणायचे, "आली बघ." एवढंच. कित्येक वर्षं आमचं तेवढंच बोलणं झालं आणि मला ते पुरेसं वाटायचं.

तर त्या संध्याकाळी आबा त्यांच्या घरी गेले तेव्हा मामा नमाजाला गेले होते. आबांनी मामींना सांगितलं, सुऱ्या दे. मामी घाबरलेल्याच होत्या, त्यांनी पेटी उघडून दिल्या. आणि आबांनी त्यांना बजावलं की नवऱ्याला यातलं काही सांगू नको, त्याच्या पोटात काही राहत नाही. आबांना वाटलं, आपण फार शहाणपणा केला.

झडत्या सुरू झाल्या त्या दिवशी वस्तीवर एकही कोयता नव्हता. आमच्याकडं प्रत्येक घरात दोन-तीन कोयते असतात; उसाला, कडब्याला, नारळाला. ते सगळे एका रात्रीत उसात, कडब्यात, गोबरगॅसच्या टाकीमागं गेले. साहेबांनी म्हणे एका मोठ्या शेतकऱ्याला विचारलं की कोयता कुठं आहे, तर तो म्हणाला आमच्याकडं नसतोच. साहेब त्याच्यामागच्या उसाकडं बघत म्हणाले, "मग हे काय दातांनी तोडता का?" ही गोष्ट वस्तीवर सगळ्यांनी हसत हसत सांगितली, ज्याच्याबद्दल होती त्यानंसुद्धा.

पण मामांच्या घरी झडती आली तेव्हा तिथं कुणी हसलं नाही. मामांना साहेबांनी विचारलं, हत्यार काही आहे का. मामा म्हणाले, आहेत ना साहेब, तीन सुऱ्या आहेत, माझा धंदाच तो, पेटीत आहेत. स्वतः पुढं होऊन त्यांनी कुलूप काढलं, झाकण उघडलं, आणि पेटीत सुऱ्या नव्हत्या. नुसतं धारेचं दगडी निसणं होतं आणि रिकामं फडकं.

मी तिथं नव्हते. पण मी ते इतक्या वेळा मनात पाहिलंय की आता मला ते आठवतं असं वाटतं. मामांचा पेटीत घातलेला हात. तो तळ चाचपतो, कोपरे चाचपतो. माणूस गर्दीत लहान मुलाचा हात सुटल्यावर मागं वळतो, तसे ते मागं वळतात. साहेब विचारतात, कुणाला दिल्या? मामा म्हणतात, कुणाला नाही. कुणी नेल्या? माहीत नाही. आणि दाराच्या आड मामी उभ्या, ओढणीचं टोक दातात.

पोलिसांच्या बाजूनं पाहिलं तर ते सरळच होतं. दंगलीच्या आठवड्यात तीन धारदार सुऱ्या एका घरातून गेल्या आणि घरचा माणूस सांगत नाही कुठं गेल्या. त्यांना जीपमध्ये बसवून चौकीत नेलं. सुऱ्या मिळाल्या नाहीत तर दौंडला नेऊन केस करणार, असं चौकीत चहा पोचवणाऱ्यानं येऊन सांगितलं.

आबांनी ते ऐकलं तेव्हा ते मेंढरांपुढं फुलं टाकत होते. मार्केट बंद असल्यानं तोडलेली शेवंती जाणार नव्हती. पप्पा आदल्या खेपेचा टेम्पो घेऊन पुण्याला गेले होते आणि तिथंच एका नातेवाइकाकडं थांबले होते. तरी फुलं तोडावी लागतात, नाहीतर झाड बसतं, पुढं कळ्या धरत नाही. मग क्रेट भरभरून फुलं मेंढरांना. मेंढरं सावकाश खात होती, त्यांच्या काळ्या तोंडांना पांढऱ्या पाकळ्या चिकटलेल्या. आबांनी हातातला क्रेट खाली ठेवला आणि धोतर सारखं केलं. चौकीत जाऊन सांगतो म्हणाले.

मम्मीनं त्यांना जाऊ दिलं नाही. तिनं पप्पांना फोन लावला आणि फोन आबांच्या कानाला धरला. पप्पांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. आत्ता काही बोलू नका. आपलं नाव येईल. लोक म्हणतील ह्यांनी मुसलमानांची हत्यारं लपवली. दोन दिवसांनी वातावरण निवळलं की सोडतील त्याला. पोरीचं अजून जमवायचंय, आबा. या शेवटच्या वाक्यावर मम्मीनं माझ्याकडं पाहिलं आणि मी खाली पाहिलं.

आबांनी फोन परत दिला. मग ते मेंढरांकडं गेले नाहीत आणि जेवलेही नाहीत. खाटेवर बसून कालव्याकडं बघत राहिले.

दुपारी मामी आल्या. आमच्याकडून नेलेलं दुधाचं पातेलं परत द्यायला आले म्हणाल्या. मम्मीनं त्यांना आत बसवून चहा केला. दोघी बराच वेळ पाणी कधी येतं, लाइट कधी जाते असलं बोलल्या. मी ओट्याशी कप धूत होते. मामींची नजर मागच्या खोलीच्या दारावर जायची आणि परत कपात यायची. आबा जेवले का, त्यांनी विचारलं. मम्मी म्हणाली, नाही जेवले. मग मामींनी कप खाली ठेवला.

"वैनी, मी त्यांना सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आबांचं नाव घेतील म्हून न्हाई सांगितलं. खोटं बोलायला जमतच न्हाई त्यांना. काय करू सांगा."

मम्मीनं त्यांचा हात धरला. "ह्यांना येऊ दे भाभी," एवढंच ती म्हणाली. मम्मी वाईट नाही. तिच्या हातावर मामींच्या हाताचा घाम होता की डोळ्यांचं पाणी, मला दिसलं नाही. मामी उठल्या, पातेलं मात्र त्यांच्याच हातात राहिलं होतं. फाटकापर्यंत जाऊन त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी ते तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि गेल्या.

त्या संध्याकाळी मी पुन्हा बल्बांच्या शेताशी गेले. उजेडात बारीक किडे उडत होते आणि झाडं स्तब्ध होती. मला आठवलं, कारेगावला आमच्या बिल्डिंगमध्येही मी निघायच्या आधीच्या दिवसांत पोलीस येऊन भाडेकरूंची कागदपत्रं बघून गेले होते. वरच्या मजल्यावर लांबून आलेली, बांगला बोलणारी माणसं राहतात. मालकानं त्यांना जिन्यात उभं केलं होतं. त्यातल्या एकाच्या हातात भात उपसायचा झारा होता. त्याला तो कुठं ठेवावा कळत नव्हतं, आणि पोलिसांचं होईपर्यंत तो झारा तसाच उभा धरून होता. आम्हा मुलींना कुणी काही विचारलं नव्हतं. आम्ही दारातून बघत होतो. आत्ता त्या पिवळ्या उजेडात मला तो माणूस आणि मामा एकाच रांगेत उभे दिसले, आणि रांगेच्या टोकाशी आबा, खाटेवर बसलेले. मला वाटलं, उद्या पप्पा आले नाहीत तर काय. वातावरण म्हणजे काय असतं आणि ते निवळल्याचं कोण येऊन सांगतं. माझ्या घशाशी एक वाक्य आलं होतं. मी ते शेवंतीच्या झाडांना म्हणून पाहिलं, अगदी हळू. ते आधी इंग्रजीत आलं. मग मी ते मराठीत केलं, तर ते बातम्यांसारखं झालं. तिसऱ्यांदा म्हणून पाहिलंच नाही.

सकाळी मी बायकांबरोबर तोडायला गेले, आणि तेव्हाच पलीकडच्या सरीतून ते सुरीचं बोलणं ऐकू आलं. ऊन वर आलं, धुकं फाटत गेलं आणि बायकांचे पाय दिसायला लागले. मी भरलेला क्रेट घेऊन घराकडं निघाले तेव्हा कालव्याच्या रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली. ती इतकी हळू येत होती की बराच वेळ मला ती उभीच वाटली. मग ती आमच्याच फाटकातून आत वळली.

साहेब तरुण होते, न झोपलेले. बरोबर दोन हवालदार. आणि मागच्या दारातून मामा उतरले. त्यांना हातकडी वगैरे काही नव्हती. चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून ते पाय ओढत चालत होते, आणि दाढी वाढल्यानं मला ते क्षणभर दुसरेच कुणीतरी वाटले. त्यांनी आबांना सलाम केला. आबा खाटेवरून उठले. चुलती आणि फुलं तोडणाऱ्या बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मम्मी दारात होती.

साहेबांनी आबांना बसायला सांगितलं, आबा बसले नाहीत.

"दंगलीच्या दिवशी संध्याकाळी तुम्ही यांच्या घरी गेला होता, असं कळलं आम्हाला," साहेब म्हणाले. "गेला होता का?"

हे त्यांना कुणी सांगितलं ते आम्हाला आजही माहीत नाही. आबा म्हणाले, "गेलतो." साहेबांनी विचारलं, कशाला.

मी मामांकडं बघत होते. आबा त्या संध्याकाळी घरी येऊन गेले हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ते आधी आबांकडं पाहत राहिले. मग त्यांची नजर आबांच्या खांद्यावरच्या घोंगडीवर गेली, तिथून दारातल्या मम्मीवर, आणि मग त्यांचा चेहरा शांत झाला. आदल्या दिवसापासून ते ज्या पेटीचा तळ चाचपत होते तो त्यांच्या हाताला लागला. मला वाटलं, आता ते सांगतील. सांगायलाच हवं होतं, त्यांच्याशिवाय कुणाचं काय जात होतं.

आबांनी मम्मीकडं पाहिलं. मम्मीनं मान हलवली नाही, पण तिनं चौकट धरली होती. आबांचे ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांचं वय झालंय आणि आदल्या दिवसापासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं.

"आबांचं काय न्हाई त्यात, साहेब," मामा म्हणाले. "सुऱ्या मीच कालव्यात टाकल्या."

साहेबांनी त्यांच्याकडं वळून पाहिलं. काल तर पेटीत आहेत म्हणालात, त्यांनी आठवण दिली. मामा म्हणाले, भ्यालो होतो. भीतीनं टाकल्या आणि भीतीनंच पेटीत हायेत म्हणालो. एक हवालदार हसला. "टाकल्या तर पेटी कशाला उघडून दाखवली वो, चाचा?" मामा जमिनीकडं बघत म्हणाले, "इसरलो."

साहेबांनी हवालदाराकडून वही मागून घेतली. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे दिसत होतं, पण त्यांच्याकडं आता लिहून घेण्यासारखं काहीतरी होतं आणि ते थकले होते. पुरावा नष्ट केला तर काय होतं ते माहीत आहे का, त्यांनी मामांना विचारलं. मामांनी माहीत असल्यासारखी मान हलवली. "घ्या गाडीत," साहेब म्हणाले. "दौंडला जाऊ."

कुंपणापाशी कुणीतरी म्हणालं, बघ, मी म्हणलं न्हवतं. चुलतीनं तिला गप्प केलं.

मामा वळले. आबांनी एक पाऊल पुढं टाकलं, हात वर केला आणि तो हात हवेतच राहिला. हवालदार त्यांना म्हणाला, आबा, तुम्ही बसा, तुम्हाला काही नाही. मामा तुटकी चप्पल ओढत गाडीकडं निघाले. माझ्याजवळून जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि फाट्यावर बाकड्याशी पाहायचे तसंच, काही न विचारता, पुढं गेले.

सगळं फार हळू चाललं होतं. गोठ्यात मेंढरं फुलं चघळत होती. मम्मीनं माझ्याकडं पाहिलं. घरात मला गप्प बस असं कधी सांगावं लागलेलं नाही, म्हणून तेव्हाही तिनं सांगितलं नाही. मी क्रेट खाली ठेवला. हवालदारानं गाडीचं मागचं दार उघडलं आणि मामांनी आत चढायला दांडी धरली. मी अंगण ओलांडून साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिले. ते बाजूनं जायला लागले, मी हलले नाही. आवाज माझाच होता आणि तो कुंपणापर्यंत गेला.

"साहेब, मामा खोटं बोलतायत. सुऱ्या आमच्या घरात आहेत, आबांनी आणल्यात, लोकरीच्या पोत्यात ठेवल्यात. आमच्याच कंदुरीच्या सुऱ्या आहेत त्या. चला आत, मी दाखवते."